तसबीर घेणे आहे

आमच्या घरात गेले दोन महिने एकाच विषयावर खल चाललाय. गणपतीनंतर आईला पंच्याहत्तर पूर्ण होतील. तिला काय द्यायचं, यावर पुण्याची ताई, न्यू जर्सीतला भाचा, इचलकरंजीची आत्या आणि अस्मादिक अशी चौरस फोनाफोनी झाली. साडी नको (कपाट उघडलं की साड्या अंगावर येतात), सोन्याचं नावच नको, आणि सहलीला न्यायचं तर तिचे गुडघे आधी विचारायला हवेत. शेवटी भाच्यानं तोडगा काढला. आजीला डिजिटल फोटो फ्रेम घेऊया, मी इथून फोटो टाकत जाईन, तिला टीव्हीशेजारी आपोआप दिसतील. सगळ्यांना एकदम पटलं, आणि निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर 'तू कोल्हापुरात आहेस आणि तुला त्यातलं कळतं'. यातलं पहिलं कारण खरं आहे. :)

मंडळी, मी हे काम जरा जास्तच मनावर घेतलं. दुकानं पालथी घातली, मित्राकडची एक फ्रेम आठ दिवस मागून आणली, रात्री जागून वाचत बसलो. त्यातून माझं एक ठाम मत तयार झालंय. ज्या गुणांचं नाव घेऊन ह्या फ्रेमा विकल्या जातात, ते बहुतेक गुण म्हाताऱ्या माणसाच्या घरात अवगुण ठरतात. हजारो फोटो मावतात, कुठूनही पाठवता येतात, झरझर बदलतात, मशीन स्वतःच चांगले फोटो निवडतं. यातलं एकही आईला नको होतं. हे नातेवाईकांपैकी काहींना पटणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून सविस्तर लिहितोय, म्हणजे फोनवर पुन्हा पुन्हा तेच बोलायला नको.

आई ह्या वस्तूला पहिल्या दिवसापासून 'तसबीर' म्हणते. सुरुवातीला मी दुरुस्त करत होतो, मग सोडून दिलं. तसबीर म्हणजे काय हे आमच्या गावाला कुणी शिकवायला नको. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे भाऊ नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाच्या नादाला लागले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी इथंच कॅमेरा घडवला, १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. गावात चित्र काढणारे होते तसे चित्राला चौकट करणारेही होते, अजूनही आहेत. आमच्या आजोबांचा १९४६ सालचा एक फोटो आहे. स्टुडिओतला, मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर कठडा आणि कमान, हात खुर्चीच्या पाठीवर. आजोबांचे सबंध आयुष्यात किती फोटो निघाले असतील? मी मोजले. अकरा. आणि माझ्या फोनमध्ये आज चौदा हजार आहेत, त्यातले निदान दोन हजार पावत्यांचे, पार्किंगचे आणि औषधांच्या पाकिटांचे.

अकरा फोटोंच्या माणसाला आणि चौदा हजार फोटोंच्या माणसाला एकच यंत्र कसं चालेल, हा खरा प्रश्न आहे. बाकीचं सगळं पुढचं.

मित्राची फ्रेम आणली त्या आठवड्याची गोष्ट. त्यात मी घाईघाईनं तीनेकशे फोटो भरले आणि ठेवून दिली टीव्हीशेजारी. पहिला दिवस कौतुकात गेला. शेजारच्या काकू बघून गेल्या, कामाला येणाऱ्या मावशी झाडू हातात घेऊन दहा मिनिटं उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर आईनं फ्रेमवर रुमाल टाकलेला. मला वाटलं उजेडाचा त्रास होतोय. तर म्हणाली, "उजेडाचं न्हाई रे. ह्ये येत्यात आणि जात्यात. बसा म्हणंस्तवर गेलेले असत्यात."

'ह्ये' म्हणजे बाबा. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली. फ्रेम दर पंधरा सेकंदांनी फोटो बदलत होती. एखाद्या वाढदिवसाचा केक, मग बाबा धोतर नेसून दत्तजयंतीला नृसिंहवाडीच्या घाटावर, मग भाच्याची गाडी, मग कुणाची तरी मांजर. पंधरा सेकंदांत माणूस ओळखू येतं, पण त्याच्याशी काही बोलता येत नाही. भिंतीवरच्या तसबिरीचं तसं नाही. आई सकाळी देवपूजा झाली की बाबांच्या तसबिरीपुढे उदबत्ती ओवाळते आणि दोन शब्द बोलते. काय बोलते ते मी कधी ऐकायला गेलो नाही.

तेव्हा फ्रेम घेताना माझा दुकानदाराला पहिला प्रश्न असा असतो, की फोटो जास्तीत जास्त किती वेळ थांबवता येतो? किती फोटो मावतात हे तो न विचारता सांगतो. पण हे विचारलं की तो आपल्याकडे बघत राहतो. एकानं तर मला विचारलं, "साहेब, फोटो बदलायचाच नसेल तर डिजिटल कशाला घेताय?" प्रश्न बरोबर आहे, आणि माझं उत्तरही तयार होतं: रोज एक. चोवीस तासांनी एकदा बदलायचा. काही फ्रेमांत हे जमतं, काहींत तासाच्या पुढे जाताच येत नाही. ज्यात जमत नाही ती कितीही सुंदर असली तरी मी यादीतून काढली.

आता आकाराचं बघू. ही किचकट गोष्ट आहे पण महत्त्वाची, आणि जाहिरातीत नेमकी हीच सांगत नाहीत. बाजारातल्या बऱ्याचशा दहा इंची फ्रेमांचा पडदा १२८० बाय ८०० असतो, म्हणजे आडवा, लांबोडा. तो सिनेमाला बरा. पण घरातले फोटो तसे असतात का? बाबांकडे अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि बाराही चौकोनी. चौकोनी फोटो त्या लांबोड्या पडद्यावर ठेवला तर जेमतेम ६२ टक्के पडदा भरतो. भाचा फोन उभा धरून फोटो काढतो, त्याला तर ४७ टक्केच जागा मिळते. मग फ्रेम काय करते? एक तर दोन्ही बाजूंना त्याच फोटोची अंधुक, फुगलेली नक्कल पसरते (हे मला फार ओंगळ दिसतं), नाहीतर फोटो ताणून पडदा भरते आणि डोकी छाटते. मित्राच्या फ्रेममध्ये आमच्या आजीचं कपाळ, कुंकवासकट, गेलं होतं. आईनं ते बघून काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

याला उपाय चारास तीन प्रमाणाचा पडदा, १६०० बाय १२०० वगैरे. त्यावर चौकोनी फोटो ७५ टक्के बसतो, उभा ५६ टक्के, आणि पूर्वीचे पोस्टकार्ड आकाराचे रंगीत फोटो जवळपास ८९ टक्के. शिवाय नऊ इंचांत एवढे ठिपके असले की चेहरे स्वच्छ दिसतात. वीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या स्वस्त फ्रेमा आठवतायत? सात इंचांचा पडदा आणि ठिपके ४८० बाय २३४. नवरा-नवरी कोण हे साडीच्या रंगावरून ओळखायचं. त्या मानानं आता सुखच आहे. चारास तीनवाली फ्रेम महाग पडते आणि सहज मिळत नाही, पण तिथं पैसे घालावेत असं माझं मत.

आता भाच्याच्या मुद्द्याकडे. त्याला न्यू जर्सीतून थेट फोटो टाकायचे आहेत, आणि त्याची भावना मला कळते. ही कल्पना नवीन नाही. २००० च्या सुमारास अमेरिकेत सीव्हा नावाची फ्रेम आली, ती रात्री टेलिफोनच्या तारेवरून नवे फोटो उतरवून घ्यायची आणि सकाळी आजीला दाखवायची. कल्पना गोडच आहे. पण तारेच्या दुसऱ्या टोकाला एक कंपनी असते आणि तिचा विचार बदलतो, हे आपण ब्लॉगवाल्यांनी तरी विसरू नये. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. पिकासा २०१६ मध्ये गेलं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली. आणि ३१ मार्च २०२५ पासून गूगलनं बाहेरच्या अ‍ॅपना तुमच्या अल्बममध्ये स्वतःहून डोकावायची सोय काढून घेतली. त्यामुळे ज्या फ्रेमा गूगलच्या अल्बममधून नवे फोटो आपोआप उचलत होत्या त्यांचं ते उचलणं थांबलं. फ्रेम बिघडली नव्हती, वीजही होती, पण फोटो यायचे बंद. घरातल्या म्हातारीला हे कसं समजावणार? तिला वाटणार, नातू विसरला.

शिवाय ह्या वस्तू घरच्या वायफायवर बसतात, जिथं आपला बँकेचा फोनही असतो. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेत बेस्ट बायनं विकलेल्या इन्सिग्निया फ्रेमांत व्हायरस निघाला होता आणि विक्री थांबवावी लागली होती. ती जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरक्षा तपासणाऱ्यांनी काही अँड्रॉइड फ्रेमा चालू होताक्षणीच नको ते सॉफ्टवेअर उतरवून घेतात असं दाखवून दिलं. त्यामुळे माझी दुसरी अट: फ्रेम वायफायशिवाय, नुसत्या मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर चालली पाहिजे. भाच्यानं फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत, पण डॉक्युमेंट म्हणून. साधे पाठवले की ते आकसतात. महिन्यातून एकदा मी कार्ड काढीन, नवे घालीन. भाचा म्हणाला, "मामा, हे म्हणजे पोस्टमन ठेवल्यासारखं झालं." झालं तर झालं. आमच्या गल्लीत पोस्टमनला चहा मिळायचा. :)

खरं सांगायचं तर पोस्टमनपेक्षा मोठी अडचण ही, की कार्डात घालायचे फोटो ठरवणार कोण? इथं यंत्राचा संबंध संपतो. फोन आपल्याला 'या दिवशी' म्हणून जुने फोटो दाखवतो ना, त्यानं मला एकदा ऑफिसात बसलेलो असताना बाबांचा शेवटच्या आठवड्यातला, नाकात नळी असलेला फोटो दाखवला. मीच काढलेला होता, डॉक्टर असलेल्या चुलतभावाला दाखवायला. यंत्राच्या लेखी तो माणसाचा स्पष्ट चेहरा असलेला, चांगल्या उजेडातला फोटो. तसा फोटो आईपुढे अचानक येऊ द्यायचा नसेल तर निवड माणसानंच करायला हवी. यावर मी तरी तडजोड करणार नाही.

पण माणूस निवडायला बसला की माणसांचे प्रश्न येतात. आमच्या घरात एका माणसाशी वाटणीवरून २००३ पासून बोलणं नाही. (नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ते स्वतः हे वाचत असतील तर त्यांना नमस्कार.) बाबांच्या तरुणपणच्या निम्म्या फोटोंत ते आहेत. बाबांच्या खांद्यावर हात टाकून, बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून, एका फोटोत तर बाबांचाच शर्ट घालून. ताई म्हणाली ते फोटो वगळ, उगीच आईला त्रास. मी कापून टाकावेत असंही कुणीतरी सुचवलं, आता ते दोन मिनिटांचं काम आहे. मी आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "असू दे की. कोर्टात गेला म्हणून तवा सायकलवर नव्हता व्हय?"

त्यांचे सात फोटो घेतलेत.

देवाच्या फोटोचा मात्र वेगळाच पेच झाला. आईला फ्रेममध्ये अंबाबाई हवी होती. मग तिच्याच लक्षात आलं, की अंबाबाई आली तर फ्रेम टीव्हीच्या बुटक्या टेबलावर चालणार नाही, वर ठेवायला पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी भाचा चड्डीवर समुद्रात उभा असणार. तेव्हा देव देव्हाऱ्यात राहतील असं एकमतानं ठरलं. आणि बाबांची हार घातलेली तसबीर दक्षिणेच्या भिंतीवर आहे तिथंच राहील. डिजिटल फ्रेमला हार घालता येत नाही, आणि वर्षश्राद्ध तिथीनं असतं, यंत्राला तारीखच कळते.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यांत कळकळीनं सांगायची आहे. फ्रेम घेतली म्हणजे फोटो 'सुरक्षित झाले' असं कुणी समजू नये. आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसंच. २०१९ ला आम्ही आईला आधीच वरच्या मजल्यावर नेली होती, पण दुधाळीतल्या मावशीकडे पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत तीन अल्बम होते. पाणी उतरल्यावर पेटी उघडली तेव्हा ते अल्बम म्हणजे चिखलाच्या तीन विटा होत्या.

त्यातले थोडे वाचले. कसे ते लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. एकमेकांना चिकटलेले फोटो सुके असताना ओढून काढायचे नाहीत, चेहऱ्याचा थरच निघून येतो. स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत भिजू द्यायचे, आपसूक सुटतील तसे हलक्या हातानं वेगळे करायचे, चित्राची बाजू बोटानं पुसायची नाही, आणि सावलीत, चित्र वर करून, एकेक पसरून वाळवायचे. उन्हात टाकले तर गुंडाळी होते. गंमत अशी की कृष्णधवल फोटो टिकले. १९८० नंतरचे रंगीत बरेचसे गेले. ते तसेही आधीच तांबडे पडत चालले होते, त्यात त्या चिकट पानांच्या अल्बमांनी हातभार लावलेला. तेव्हा तसले अल्बम अजून कुणाकडे असतील तर ह्या पावसाळ्याआधी फोटो त्यातून काढा, कृपा करून.

आणि पुराच्या वेळी वीज नसते. त्या दिवसांत डिजिटल फ्रेम म्हणजे नुसती काळी पाटी. म्हणून आम्ही असं केलंय: मूळ फोटो वरच्या मजल्यावर लाकडी कपाटात, स्कॅन केलेल्या प्रती ताईकडे पुण्याला आणि भाच्याकडे एकेक, आणि फ्रेममधलं कार्ड हे फक्त बघण्यापुरतं, ते गेलं तरी हरकत नाही. स्कॅन ६०० डीपीआयनं केले, अगदी लहान चौकोनी फोटो १२०० नं. फोटोंची मागची बाजूही स्कॅन केली. बाबा मागे पेन्सिलीनं लिहायचे. 'जोतिबा, चैत्र यात्रा. ऊन फार.' एवढंच. किंवा 'हिचा नवा चष्मा'.

त्यातून एक युक्ती सुचली आणि ती मला स्वतःलाच फार आवडली आहे. चौकोनी फोटो चारास तीनच्या पडद्यावर ठेवला की बाजूला एक उभी पट्टी मोकळी राहते, १६०० पैकी ४०० ठिपक्यांची. तिथं अंधुक नक्कल पसरण्यापेक्षा मी फोटोमागचं बाबांचं अक्षर ठेवलं. म्हणजे डावीकडे फोटो, उजवीकडे पेन्सिलीतलं 'ऊन फार'. मोफत मिळणाऱ्या कुठल्याही साध्या चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये हे होतं, फोटोमागे पाच मिनिटं लागतात. आईला चष्मा लावून वाचावं लागतं, पण ती वाचते.

विजेचं कुणीतरी विचारलं होतं. सहा वॅटची फ्रेम सोळा तास चालली तर महिन्याला तीन युनिटसुद्धा होत नाहीत. रात्री आपोआप बंद होण्याची सोय मात्र बघून घ्या, नाहीतर मध्यरात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाला अंधारात आजोबा दिसतात.

फोटोंचा आकडा ठरला आहे नव्वद. रोज एक, म्हणजे तीन महिने, मग पुन्हा पहिल्यापासून. यावर आत्या नाराज आहे, तिच्या मते तिच्या मुलाच्या मुंजीचे दोनच घेतले. आत्या, मुंजीचे एकूण दोनशे चौदा आहेत, आणि त्यातल्या एकशे नव्वदांत बटू जेवतोय.

आतापर्यंत त्र्याऐंशी झालेत, सात जागा शिल्लक आहेत. ज्यांना पाठवायचे असतील त्यांनी श्रावण संपायच्या आत पाठवावेत, मागे काही लिहिलं असेल तर तेही. आणि एका फोटोचं अडलं आहे. पन्हाळा, तीन दरवाजा, मागे बाबांच्या अक्षरात फक्त 'मे १९७८'. उजवीकडून आई, आत्या, मग आजी. आजीच्या पलीकडे दोन वेण्या आणि परकर घातलेली, दहा-बारा वर्षांची एक मुलगी आहे, आजीचा पदर तिनं मुठीत धरलाय. आई म्हणते आमची न्हवं, आत्या म्हणते शेजारची असेल. कुणी ओळखत असेल तर आईलाच फोन करा, दुपारी चारनंतर, चहा झाल्यावर.